काळ्या पाण्याची सहल

फराळाचे डबे तळाला लागले, की आमच्या घरी सुट्टीचा विषय निघतो. दर वर्षी दोन-तीन दिवस वाद होतो आणि शेवटी आम्ही कोकणात जातो. कारण माझे आजोळ रत्नागिरीकडचे आणि तिथे राहायला पैसे पडत नाहीत. गेल्या दिवाळीत मात्र कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने चकली मोडता मोडता जाहीर केले, “काठावर बसून समुद्र पुष्कळ पाहिला. आता आत जाऊन पाहायचा.” बारा वर्षांच्या चिरंजीवांनी तत्काळ अनुमोदन दिले. सौ. म्हणाली, “मला पोहता येत नाही. मी आपली टॉवेल सांभाळीन.”

सर्वांत जास्त भरून आले होते ते मला. पण घरच्या कर्त्या पुरुषाने असे दाखवायचे नसते. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “पाहू.” आणि त्याच रात्री सर्वांच्या नकळत अंदमानचा नकाशा उघडून बसलो.

तशी बुडी मारायला आपले मालवणही आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात हौशी माणसांना पाण्याखाली नेऊन आणतात आणि अर्ध्या दिवसाची हौस तिथे छान भागते. पण किनाऱ्यावरून एक बुडी, नावेतून एक बुडी आणि मधल्या वेळात बेटावर निवांत मुक्काम, असा बेत करायचा तर हॅवलॉक बेटासारखी जागा नाही. २०१८ साली या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले, आणि ज्या पोर्ट ब्लेअरहून तिथे जायचे, त्याचे २०२४ साली श्री विजयपुरम झाले. बोलताना मात्र जुनीच नावे अजून तोंडात येतात. मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलतो आणि पोर्ट ब्लेअरहून जलद बोटीने दोनेक तासांत हॅवलॉकला पोचतो. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर अशी गावांची नावे वाचून आपण गोकुळात आलो की काय, असे वाटते.

आता या स्कुबाविषयी थोडे. पुष्कळांची समजूत असते, की पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो. तसे नाही. आत आपली साधीच हवा गाळून, भरपूर दाब देऊन कोंबलेली असते. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी, माणूस श्वास ओढील तेवढीच हवा तोंडाशी सोडणारे यंत्र तयार केले, आणि माणूस पाण्याखाली मोकळा हिंडू लागला. समुद्रात दर १० मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर फुप्फुसाला इजा होते. हा नियम मी घरी सर्वांना फळ्यावर लिहावा तसा समजावून सांगितला. तो पुढे माझ्याच अंगावर येणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

बेत आखताना मी दोन गोष्टी बरोबर केल्या आणि दोन चुकलो. चारही सांगतो, वाचकांच्या उपयोगी पडतील.

पहिली बरोबर गोष्ट ऋतूची. जूनपासून पावसाळा आणि समुद्र खवळलेला. नोव्हेंबर ते मे हा बुडीचा काळ, आणि त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल पाणी विशेष शांत व स्वच्छ असते. आम्ही परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. बेट आपल्या फार पूर्वेला, पण घड्याळ आपलेच. त्यामुळे सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. सकाळी उशिरा उठणाऱ्या कुटुंबाचा तिथे अर्धा दिवस फुकट जातो.

दुसरी बरोबर गोष्ट क्रमाची. आधी किनाऱ्यावरची बुडी, मग नावेची. किनाऱ्यावर कंबरभर पाण्यात उभे राहून सराव करता येतो. भीती वाटली तर चालत परत येता येते; त्यात लाज नाही. सरंजामाचे वीसेक किलो ओझे अंगावर असते, ते पाण्यात शिरेपर्यंत जाणवते आणि मग हलके होते. नावेने गेल्यावर पाणी अधिक नितळ, मासे अधिक मोठे. पण नाव डुलते, पोट ढवळते आणि काठावरून एकदम खोल पाण्यात उतरावे लागते. शिवाय वारा सुटला तर नाव जातच नाही. म्हणून नावेच्या बुडीमागे एक दिवस मोकळा ठेवावा. आमचा तो दिवस सत्कारणी लागला. चिरंजीवांना बोटीतल्या गार हवेने सर्दी झाली, आणि सर्दीत बुडी मारता येत नाही. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या पाण्याशी जुळतो. नाक चोंदलेले असले, की तो जुळत नाही आणि कानाचा पडदा दुखावतो. पोराने दोन दिवस वाफारे घेतले आणि तो मोकळ्या दिवशी पाण्यात गेला.

आता चुका. पहिली भरतीची. आजोबांनी मला लहानपणी शिकवले होते, की तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हॅवलॉकला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दशमी होती. मी सर्वांना साडेसातला भरती पाहायला किनाऱ्यावर उभे केले, तर पाणी केव्हाच ओसरू लागलेले! एक म्हातारे बंगाली कोळी जाळे आवरीत होते, ते माझ्याकडे पाहून हसले. कोकणच्या किनाऱ्याचा हिशेब बंगालच्या उपसागरात चालत नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. ती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, एवढेच दोन्हीकडे सारखे. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूरवर आटते आणि खडक उघडे पडतात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या बुडीची वेळ आपल्या न्याहारीवर ठरत नाही, भरतीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ओढही कमी असते. तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवावे, पण घड्याळाची वेळ तिथल्या माणसालाच विचारावी.

दुसरी चूक मोठी.

बुडीच्या आदल्या संध्याकाळी आम्हांला एकेक छापील कागद दिला. त्यावर प्रकृतीविषयी प्रश्न होते. हृदयविकार आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, फीट येते का, दमा आहे का? मला लहानपणापासून दमा आहे. फार नाही, पावसाळ्यात चार-सहा वेळा पंप ओढावा लागतो, एवढेच. एप्रिलात तर नावालाही नव्हता. मी सहा महिने ज्या दिवसाची वाट पाहिली, तो उद्यावर आलेला. मी त्या प्रश्नापुढे “नाही” अशी खूण केली.

कन्या शेजारी बसली होती. ती वाकून म्हणाली, “बाबा, हे खोटं आहे.”

“अगं, किरकोळ आहे ते.”

“किरकोळ असेल तर ‘हो’ लिहा ना.”

वाचकहो, वीस वर्षे मी परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक म्हणून हिंडलो आहे. बाकाखालची चिठ्ठी सापडलेल्या मुलाचा चेहरा कसा होतो, हे मला ठाऊक आहे. तसाच तेव्हा माझा झाला असावा. मी खूण खोडून “हो” लिहिले.

शिक्षक तिथलाच बंगाली तरुण होता. त्याने कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि अदबीने सांगितले, “सर, डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय मी तुम्हांला नेऊ शकत नाही.” मग कारण सांगितले. दम्यात श्वासाच्या बारीक नळ्या आवळतात. त्यांत हवा अडकून राहिली आणि माणूस वर आला, तर तो श्वास रोखून वर आल्यासारखेच होते. माझाच धडा मला परत ऐकावा लागला. दाखला आणायचा तर तो घरूनच, आधी छातीच्या डॉक्टरांकडे तपासून आणायला हवा होता. हॉटेले, बोटी, विमाने यांचा मी तीन-तीनदा मेळ घातला आणि ज्या देहाला घेऊन जायचे, त्याची चौकशीच केली नाही. सुट्टीचा बेत आखणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे, की तिकिटांच्या आधी तो कागद मागवा आणि त्यावर खरे लिहा.

माझे पैसे भरलेले होते. कन्या म्हणाली, “आई, तू जा.” सौ. म्हणाली, “मी? मला पोहता येत नाही.” शिक्षकाने सांगितले, की पहिल्या चाचणी-बुडीला पोहता आलेच पाहिजे असे नाही, खोली फार तर १२ मीटर, आणि तो सारा वेळ धरून राहील. रात्री ती बराच वेळ जागी होती. सकाळी उठून तिने वेणी घट्ट बांधली आणि मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिले.

दोन नंबरच्या किनाऱ्याजवळ निमो रीफ नावाची जागा आहे, तिथे त्या दोघी उतरल्या. मी टॉवेल घेऊन वाळूत बसलो. प्रथम पाण्याबाहेर दोन डोकी दिसत होती, मग नुसते बुडबुडे. अर्धा तास मी त्या बुडबुड्यांवरून नजर काढली नाही. त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले, की लग्नाला बावीस वर्षे झाली, पण मी काठावर आणि ही पुढे, असे आजवर कधी घडले नव्हते.

बाहेर आल्यावर कन्या अखंड बोलत होती. हलणाऱ्या गोंड्यांसारख्या समुद्री जिवांत लपणारे नारिंगी-पांढरे मासे, पोपटी चोचीचा मासा, मोठा थोरला शिंपला. मधूनमधून पांढरट, मेलेले प्रवाळही दिसले, असे ती म्हणाली. प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे; पाणी नेहमीपेक्षा तापले की त्याच्यात राहणारे रंगीत शैवाल तो टाकून देतो आणि पांढरा पडतो. २०१० साली अंदमानात असे फार मोठ्या प्रमाणावर झाले. उरलेल्याला हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही आणि आठवण म्हणून तुकडाही आणायचा नाही. कायद्यानेच मनाई आहे.

सौ. मात्र गप्प होती. केस पुसून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “अहो, तिथे कुणी हाक मारत नाही.”

मला एवढे वर्णन पुरले.

दुसऱ्या दिवशी दोघी नावेने लाइटहाउस नावाच्या जागी गेल्या. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा खोल जागा शिकलेल्यांसाठीच. त्यासाठी तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केला, म्हणजे १८ मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यापुढच्या शिक्षणाने ३० मीटरपर्यंत जाता येते.

शेवटच्या बुडीनंतर लगेच विमानात बसायचे नसते. पाण्याच्या दाबाने नत्रवायू रक्तात विरघळतो आणि विमानातल्या कमी दाबात तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसू शकतो. एका बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात. पूर्ण दिवस सोडणे उत्तम. आम्ही तो दिवस पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये काढला. १९०६ साली बांधून पुरा झालेला तो तुरुंग सावरकर बंधूंमुळे मराठी घराला नावाने तरी ठाऊक असतोच. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तात्याराव तिथे होते. कोठडीच्या उंच झरोक्याखाली सौ. थांबली आणि म्हणाली, “एवढा समुद्र भोवती, आणि आतून दिसत नाही.” त्यानंतर आम्ही फारसे बोललो नाही.

घरी आल्यावर मी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीत फुंकायला लावले, आकडे पाहिले आणि मान हलवली. दाखला मिळाला नाही. वाईट वाटले, पण त्या संध्याकाळी “नाही” अशी खूण तशीच राहिली असती तर, हा विचार अधिक वाईट वाटला.

सौ. आता पहाटे पोहण्याच्या तलावावर जाते. प्रमाणपत्रासाठी २०० मीटर पोहावे लागते. तिचे साठ झाले आहेत. यंदा फराळाचे डबे तळाला लागण्याआधीच बेत ठरला आहे. तो कागदही तिने मागवून, खरा भरून, डॉक्टरांची सही घेऊन कपाटात ठेवला आहे.

टॉवेल सांभाळायला मी आहेच.