संगणक पळवायचा, तर आधी गार ठेवायचा



संगमनेर तालुक्यात आता कितीतरी जणींचा संगणकाशी रोजचा संबंध येतो. दूध संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ आणि पावती संगणकातून निघते. गटाचे हिशेब, कर्जाचे हप्ते, दाखले, उतारे, सगळं त्याच पेटीत असतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की ही पेटी रखडायला लागते. कधी कधी काम चालू असताना मध्येच बंद पडते. मग गावातला एखादा जाणता मुलगा म्हणतो, "मावशी, ओव्हरक्लॉक करून देतो, बघा कसा पळतो ते!"

गटानं हो म्हणायचं की नाही? यंत्र सगळ्यांच्या पैशातून आलंय आणि आतले हिशेबही सगळ्यांचे आहेत. तेव्हा हे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते आज नीट समजून घेऊ.

संगणकात सगळी आकडेमोड करणारा एक छोटा तुकडा असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. भजनात जसं सगळं टाळाच्या ठेक्यावर चालतं, तसा प्रोसेसरही एका ठेक्यावर काम करतो. डब्यावर '३ गिगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सेकंदाला ३०० कोटी ठोके. कंपनीनं ठरवून दिलेला हा ठेका आपण वाढवला, की त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

आता ठेका फार वाढला तर काय होतं? भजनात शब्द सुटतात. प्रोसेसरचंही तसंच होतं, आकडे चुकतात किंवा संगणक अडकतो. ते होऊ नये म्हणून त्याला थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. खरी मेख इथंच आहे. ठेका वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढला की ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ केलं की येतात १.३३. म्हणजे वेग मिळाला दहा टक्के आणि उष्णता वाढली तेहेतीस टक्के. ६५ वॅटचा प्रोसेसर ८६ वॅटवर जातो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, पेटलेला असताना त्याला हात लावता येत नसे. त्याहून जास्त उष्णता इथं नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते.

आपल्याकडच्या संकरित गाईंचं उदाहरण घ्या. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, आणि ते पचवताना तिच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. उन्हाळ्यात नुसता खुराक वाढवून कोणी तिच्याकडून दूध काढत नाही. आधी सावली, पाणी आणि वारा बघावा लागतो. संगणकाचा हिशेब याहून वेगळा नाही.

प्रोसेसरची उष्णता एका वाटेनं बाहेर जाते. त्याच्यावर एक मलम लावलेलं असतं, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. त्यावर पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो आणि ठोकळ्यावर पंखा. मलमातून उष्णता ठोकळ्यात येते आणि पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे शेवट खोलीच्या हवेवर. खोलीत २५ अंश असताना काम करणारा प्रोसेसर ६५ अंशांवर असेल, तर खोली ४० अंशांवर गेली की तेवढ्याच कामाला तो साधारण ८० अंशांवर जाणार. पात्यांत धूळ बसली किंवा मलम वाळलं, तर त्याहूनही वर.

बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. आपल्या प्रोसेसरची नेमकी मर्यादा त्याच्या कंपनीच्या माहितीत दिलेली असते. तिथं पोचला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःच ठेका कमी करतो. तरीही तापत राहिला तर संगणक बंद होतो. उन्हाळ्यात आपली पेटी रखडते आणि बंद पडते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. अशा यंत्राचा ठेका आणखी वाढवणं म्हणजे धापा टाकणाऱ्या बैलाला पराणी टोचणं.

उलट दुसरी गोष्ट फायद्याची आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतले बरेच प्रोसेसर गार असले आणि काम जास्त आलं, की आपणहून ठेका वाढवतात. त्याला टर्बो किंवा बूस्ट म्हणतात. म्हणजे यंत्र गार ठेवलं तर काही वेग फुकट मिळतो, आणि तोही कंपनीनं ठरवलेल्या सुरक्षित हद्दीत.

पुण्यातल्या मोठ्या यंत्रांकडे बघा. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथं १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात एकाच प्रोसेसरला जिवाच्या आकांतानं पळवलं नव्हतं. पुष्कळ प्रोसेसर जोडून काम वाटून दिलं होतं, आपण सावड करून शेतातलं काम उरकतो तसं. पुढं २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' बसला. त्यात प्रोसेसर गार ठेवण्यासाठी थेट त्यांच्यापर्यंत नळ्यांतून द्रव फिरवला जातो. एवढ्या मोठ्या यंत्रातही उष्णता बाहेर काढण्याची सोय आधी करावी लागते.

आता आपल्या गटानं काय करायचं, ते क्रमानं सांगते.

पहिलं, ताप मोजा. 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूमॉनिटर' असे मोफत प्रोग्राम प्रोसेसरचं तापमान दाखवतात. आठ दिवस सकाळी आणि दुपारी दोन वाजता, काम चालू असताना, आकडा वहीत लिहा. काम करताना ८० अंशांच्या आत असेल तर ठीक. ८५ च्या वर जात असेल तर लक्ष द्या. ९५ ला टेकत असेल तर साफसफाई लांबणीवर टाकू नका.

दुसरं, जागा बदला. पेटी जमिनीवर धुळीत नको, बंद कपाटात नको, खिडकीतून ऊन येतं तिथंही नको. मागं वीतभर जागा मोकळी ठेवा. विणलेलं किंवा प्लास्टिकचं कव्हर संगणक बंद असतानाच घाला.

तिसरं, धूळ काढा. आधी संगणक बंद करा आणि प्लग काढा. झाकण उघडून कोरड्या मऊ ब्रशनं किंवा ब्लोअरनं धूळ उडवा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं लावायचं नाही. ज्या डब्यात विजेची मोठी वायर जाते, तो पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहिलेली असू शकते.

चौथं, यंत्र चार-पाच वर्षं जुनं असेल तर जाणकाराकडून थर्मल पेस्ट बदलून घ्या. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी पुरते.

एवढं करून पुन्हा आठ दिवस आकडे लिहा. ताप उतरला, पण संगणक तरीही हळूच चालतो, असं झालं तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर हिशेबाच्या कामाला त्याचा उपयोग ओव्हरक्लॉकिंगपेक्षा कितीतरी जास्त होतो.

तरीही मुलाला करून बघायचंच असेल, तर त्याला चार गोष्टी विचारा. हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का? इंटेलचे बहुतेक प्रोसेसर कुलूपबंद असतात. ज्यांच्या नावाशेवटी 'के' अक्षर असतं, ते सहसा उघडे असतात, पण मदरबोर्डही त्या जोडीचा लागतो. दुसरं, वॉरंटी राहील का? ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान कंपनी सहसा भरून देत नाही. तिसरं, सगळ्या हिशेबांची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढली का? चौथं, मोठा पंखा-ठोकळा आधी बसवणार का?

चारही उत्तरं पटली, तर वेग एकदम वाढवू नका. एका वेळी १०० मेगाहर्ट्झ एवढाच वाढवायचा आणि व्होल्टेज शक्यतो तसाच ठेवायचा. प्रत्येक पायरीला भर दुपारी अर्धा तास संगणकाला पूर्ण कामाला लावायचं. सकाळच्या गारव्यात घेतलेली परीक्षा मे महिन्यात उपयोगाची नाही. तापमान ८५ च्या वर गेलं, संगणक अडकला किंवा एकही चूक दिसली, की एक पायरी मागं यायचं आणि तिथंच थांबायचं. आणि ज्या संगणकावर गटाचे पैसे मोजले जातात, त्याच्यावर हा प्रयोग न केलेलाच बरा. बंद पडलेलं यंत्र निदान दिसतं, पण न सांगता चुकलेला हप्त्याचा आकडा दिसत नाही. मुलाला हौस असेल तर त्यानं ती स्वतःच्या संगणकावर भागवावी.

पुढच्या मासिक बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या. संगणकाचा ताप कोण लिहिणार आणि धूळ कोण काढणार, ही नावं ठरवा. वही गटाच्या रजिस्टरजवळच ठेवा, म्हणजे कोणीही आली तरी तिला आकडा सापडेल.