सूर्यावरील स्पिक्यूल आणि थरथरणारा रंग

सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, त्याला दीप्तिगोल म्हणतात आणि त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. त्याच्यावर काही हजार किलोमीटर जाडीचा वर्णगोल आणि त्याही पलीकडे, खग्रास ग्रहणात शुभ्र तेजोवलय म्हणून दिसणारा, दहा लाख अंशांहून अधिक तप्त असा विरळ प्रभामंडल असतो. या दोहोंच्या सीमेवर प्लाझ्माचे, म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत अशा विद्युत्भारित वायूचे, बारीक झोत सतत उसळत असतात. त्यांना स्पिक्यूल म्हणतात. एखादा झोत काही हजार किलोमीटर उंच जातो, पाच-दहा मिनिटे टिकतो आणि त्यातील बरेचसे द्रव्य पुन्हा खाली येते. कोणत्याही क्षणी असे सुमारे ३० लाख झोत सूर्यावर असावेत, असा अंदाज आहे.

इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८७७ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि वॉल्टर रॉबर्ट्स यांनी १९४५ मध्ये त्यांना आजचे नाव दिले. सौरवाऱ्यातून जितके द्रव्य अवकाशात जाते, त्याच्या सुमारे शंभरपट द्रव्य हे झोत वर उचलतात. त्यामुळे प्रभामंडलाला द्रव्य आणि उष्णता कोठून मिळते, या जुन्या प्रश्नात त्यांना बाजूला ठेवता येत नाही. तरीही इतके झोत सर्वत्र एकाच वेळी कसे निर्माण होतात, याचे समाधानकारक उत्तर दीर्घकाळ मिळत नव्हते.

या उत्तराच्या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल बंगळूरमध्ये पडले. भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील साहेल डे व पियाली चटर्जी, अझीम प्रेमजी विद्यापीठातील ओ. व्ही. एस. एन. मूर्ती आणि त्यांचे परदेशी सहकारी यांचा शोधनिबंध मार्च २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.  अभ्यासाचे निमित्त साधे होते: लाउडस्पीकरवर ठेवलेला रंगाचा थर ध्वनीच्या कंपनांनी हलवला की त्यातून उंच, बारीक झोत उसळतात. साध्या द्रवाच्या अशा उसळीचे थेंबांत तुकडे होतात, पण ज्या द्रवात पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या, असतात, त्यात या साखळ्या ताणल्या जाऊन झोताला धरून ठेवतात व तो अखंड राहतो.

सूर्यावर या साखळ्यांचे काम चुंबकीय बलरेषा करतात. विद्युत्भारित कण बलरेषेच्या दिशेने सहज सरकतात, पण तिला आडवे जाताना अडतात. म्हणून प्लाझ्मा, ताणलेल्या पॉलिमर द्रवाप्रमाणेच, निरनिराळ्या दिशांना निरनिराळे गुणधर्म दाखवतो. स्पीकरचे काम करते ते दीप्तिगोलाखालील उकळते द्रव्य, ज्याच्या खळबळीने सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होत असतो. हे तरंग वर जाताना वायू विरळ होत जातो, तरंगांचा विस्तार वाढतो, अखेरीस ते आघात-तरंग बनतात आणि प्लाझ्माला वर ढकलतात. पृथ्वीच्या सुमारे २८ पट असलेले सूर्याचे गुरुत्व त्याला परत खाली खेचते.

रंग आणि प्लाझ्मा यांच्या तापमानात व घनतेत प्रचंड अंतर असल्याने केवळ या साम्यावर निष्कर्ष काढला असता, तर तो दुबळा ठरला असता. या कामाचे खरे बळ आहे ते महासंगणकावरील अनुकरणात, कारण त्यात उद्भवलेले झोतांचे रान प्रत्यक्ष निरीक्षणांतील स्पिक्यूलांशी उत्तम जुळले. निबंधाचा दावाही मोजका आहे: ही यंत्रणा स्पिक्यूलांचे रान उभे करण्यास पुरेशी आहे. विद्युत्भारित आणि उदासीन कण एकमेकांवरून घसरण्याला महत्त्व देणारे २०१७ मधील दुसरे स्पष्टीकरण त्यामुळे आपोआप बाद होत नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ ही दुर्बीण भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरून दीप्तिगोल व वर्णगोल यांची जंबुपार प्रकाशातील छायाचित्रे घेत आहे. मात्र या संशोधनाचा पहिला धागा हाती घेण्यासाठी यान लागत नाही. स्पीकर, थोडा रंग आणि मंदगती चित्रण करणारा मोबाइल एवढ्यावर ते होते, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावा.