एकाच जातीचे गेट

ऑगस्ट १९६१ मध्ये अपोलो यानाच्या दिग्दर्शनयंत्रणेचा मक्ता अमेरिकेतील एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीकडे आला, तेव्हा तेथील संगणकरचनेचे प्रमुख एल्डन हॉल यांनी, इंटिग्रेटेड सर्किट ही वस्तू बाजारात नवखी आणि महागडी असतानाही, तीच वापरण्याचा आग्रह धरला. आणि १९६२ च्या अखेरीस नासाची मंजुरी मिळताच यंत्राची सारी तर्करचना तीन आदानांच्या ‘नॉर’ या एकाच जातीच्या गेटवर उभारली. अनेक जातींचे घटक घेतले असते तर त्यांची एकूण संख्या खचित घटली असती. परंतु एकच माल हजारोंनी घेतल्यामुळे पुरवठादारांची कसून पारख करता आली आणि सदोष खेप सरसकट नामंजूर करता आली. खातेप्रमुखाची दृष्टी दिसते ती अशा रुक्ष निर्णयांत!

कायम स्मृतीचे ३६,८६४ शब्द मात्र रेथिऑनच्या वॉल्थॅम येथील कारखान्यातील स्त्रिया हाताने विणीत: तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बगलेने गेली तर शून्य. या विणकामास फार अवधी लागत असल्यामुळे आज्ञावली उड्डाणाच्या कित्येक महिने आधी कायम करावी लागे, आणि त्यानंतर तीत फेरफार करण्याची मुभा जवळजवळ कोणासही नसे.