संघटित गुन्हेगारीचें अध्ययन

चोर पकडणें हें पोलिसांचें काम; परंतु चोरांची टोळी कां जमते, कशी चालते आणि कशानें मोडते हें शोधणें अभ्यासकांचें काम होय. या दुसऱ्या कामाचा एक मोठा प्रयत्न आपल्याच देशांत झाला. राणीसावरगांवच्या वाचकांस तो अगदींच परका वाटूं नये. कारण आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, त्याच्या मुलुखाचाहि या कथेशीं संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ठगांच्या टोळ्या वाटसरूंशीं गोड बोलून त्यांच्या संगतीनें चालत, आणि विश्वास बसला म्हणजे गळा आवळून प्रेत पुरून टाकीत. कोणी भुलवी, कोणी गळा आवळी, कोणी खड्डा खणी. कामें अशीं वाटलेलीं असत. प्रवासी घरापासून दूर मारला जाई, त्यामुळें तो नाहींसा झाल्याचें घरच्यांस महिनोन् महिने कळत नसे. शिवाय टोळी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाई. तेव्हां तिचा पाठलाग करावा कोणीं?

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें पकडलेल्या ठगांपैकीं कांहींस माफीचे साक्षीदार केलें. त्यांच्या जबान्या ताडून पाहिल्या, दाखविलेल्या जागीं खणून प्रेतें काढविलीं, टोळ्यांच्या वंशावळी लिहिल्या. ठगांच्या गुप्त भाषेचा त्याचा कोश १८३६ मध्यें कलकत्त्यास छापला गेला. निजामाच्या नोकरींतील मेडोज टेलर यानें १८३९ मध्यें एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानें कादंबरी प्रसिद्ध केली. तीमुळें हा विषय विलायतेंतहि घरोघर पोहोंचला.

एवढ्यावरून हें संशोधन निर्दोष होतें असें मात्र समजूं नये. माफीचा साक्षीदार आपला जीव वाचविण्यासाठीं बोलतो. विचारणाऱ्यास जें ऐकावयाचें असेल तें सांगण्याकडे त्याचा कल होतो. १८३६ च्या कायद्यानें तर अमका मनुष्य ठगांच्या टोळींत होता एवढें सिद्ध झालें तरी त्यास जन्मठेप देतां येऊं लागली. ठगी हा पिढीजात धंदा आहे, ही समजूत दृढ झाली. पुढें १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जमातींच्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसूं लागला. अशा लोकांस पोलिसांपुढें हजेरी द्यावी लागे. सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणांत ठेवण्यांत आलें होतें. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टमध्यें रद्द झाला. पण लोकांच्या मनांतला शिक्का इतक्या लवकर पुसला गेला नाहीं. शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हें आत्मकथन त्याची साक्ष देतें.

अलीकडील इतिहासकारांनीं तींच जुनीं कागदपत्रें पुन्हा तपासलीं. किम वॅग्नर यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत रक्तापेक्षां परिस्थितीकडे बोट दाखविलें आहे: शिपाईगिरीची अनिश्चित नोकरी, पोटाची चिंता आणि लुटींत वांटा घेऊन टोळीस आश्रय देणारे जमीनदार. टोळी केवळ धाडसावर जगत नाहीं. तिला आश्रयदाताहि लागतो.

आपल्या राज्यानें १९९९ मध्यें संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा केला. त्यांत जन्म पाहिला जात नाहीं. टोळी, हिंसा किंवा धाकदपटशा, लाभाचा हेतु आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रें या गोष्टी पाहिल्या जातात. ही प्रगतीच होय. परंतु वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब या कायद्यानें पुरावा म्हणून चालतो; म्हणून स्लीमनच्या काळचा प्रश्न आजहि उभा आहे, कीं भयाखालीं बोललेल्या शब्दावर कितपत विसंबावें?

विद्यार्थ्यांनो, येथें शिकण्यासारखें इतकेंच. कोणतीहि साक्ष समोर आली म्हणजे पुसावें: कोण बोलतो, कोणापुढें, कोणत्या भयानें वा लोभानें, आणि दुसरा पुरावा काय? वर्गांत एखादी पेन्सिल हरवली व सर्वांची दृष्टि पालावरून येणाऱ्या एकाच मुलाकडे वळली, तर हेच प्रश्न प्रथम आपल्या मनास विचारावे. गुन्हा कृत्यांत शोधावा, कुळांत नव्हे.