एका राखेची तीन वयं

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ एरवी मातीत, दगडांत आणि खापरांत रमलेले असतात. १९८०च्या दशकात त्यांच्या हाती राख आली. जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठावर बोरी नावाचं गाव आहे. तिथे नदीने कापलेल्या दरडीत, गाळाच्या थरांमधोमध पांढुरक्या राखेचा पट्टा होता. त्याच्या संगतीने अश्मयुगातल्या माणसाच्या हातकुऱ्हाडी सापडत होत्या. म्हणजे राखेचं वय कळलं, तर महाराष्ट्रातल्या फार जुन्या माणसांचा काळ कळणार!

पण महाराष्ट्रात राख आली कुठून? आपला काळा कातळ ज्वालामुखीचाच खरा, पण तो थंड होऊन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर या राखेत काचेच्या चिरफाळ्या दिसतात: पातळ, वाकड्या, काहींना तीन फाटे. वितळलेल्या खडकात वायूचे बुडबुडे फुगले आणि फुटले, त्या बुडबुड्यांच्या भिंतींचे हे तुकडे. त्यांच्या रसायनाचा माग काढत गेलं की आपण थेट सुमात्रा बेटावर पोहोचतो. टोबा नावाचा ज्वालामुखी तिथे आहे, आपल्यापासून तीन हजार किलोमीटरहून लांब. त्याची राख वाऱ्यावर बंगालचा उपसागर ओलांडून कुकडीच्या खोऱ्यात उतरली! मोरगावजवळ कऱ्हेच्या काठीही ती सापडते.

अडचण एवढीच, की टोबाचे मोठे उद्रेक गेल्या बारा-तेरा लाख वर्षांत चार झाले. मग ही राख कुठल्या उद्रेकाची?

पहिल्या मोजणीत वय निघालं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, एस. एन. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित पद्धतीने काढलेलं वय प्रसिद्ध केलं: ६ लाख ७० हजार, अधिक-उणे ३० हजार. तीनच वर्षांनी जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की भारतीय द्वीपकल्पात टोबाची जी राख सापडली आहे ती सगळी एकाच उद्रेकाची आहे, आणि तो झाला ७५ हजार वर्षांपूर्वी. एकाच राखेच्या वयात जवळजवळ वीसपटींचा फरक! आणि यातलं कुणीही निष्काळजी नव्हतं.

हे झालं कसं? आधी त्या ‘अधिक-उणे’कडे नीट पाहू या. तोच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर उत्तरं एकमेकांपासून किती भरकटतील, हे ते सांगतं. भरकट जितकी कमी तितकं मोजमाप काटेकोर. पण काटेकोर म्हणजे अचूक नव्हे. वाण्याच्या ताजव्यात पासंग असेल, तर तेच तांदूळ दहा वेळा तोला, दहाही वेळा वजन तंतोतंत तेच भरेल आणि दहाही वेळा चुकीचं भरेल. शंभरदा तोलूनही तो पासंग उघडा पडणार नाही. ताजवा स्वतःची चूक स्वतः सांगूच शकत नाही.

आता राखेचा ताजवा पाहा. तो विलक्षण आहे. पोटॅशियमच्या दर साडेआठ हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-४०. तो इतक्या संथपणे क्षय पावतो की निम्मे अणू संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. त्यातले दहातले एखाददुसरे अणू अरगॉन वायू होतात. खडक वितळलेला असेपर्यंत हा वायू निसटून जातो. खडक गोठला की तो आत कोंडला जातो आणि घड्याळ शून्यापासून सुरू होतं. पुढे कधीही तो कोंडलेला अरगॉन मोजा, वय हजर!

पण किती अरगॉन? ७५ हजार वर्षांत, पोटॅशियम-४०च्या दहा लाख अणूंमागे जेमतेम चार-साडेचार अणू. त्यातून आपल्या भोवतालच्या हवेत जवळपास एक टक्का अरगॉनच आहे, तो नमुन्याला चिकटलेला असतो आणि काळजीपूर्वक वजा करावा लागतो. एवढ्याशा वायूची मोजदाद माणसाला साधते, यावरच मी आधी थक्क होतो.

आणि इथेच पासंग शिरतो. कुकडी वाहते कुठून? सह्याद्रीच्या काळ्या कातळातून. तिच्या गाळात त्या कातळाचा चुरा असणारच. त्या खडकात ६ कोटी ६० लाख वर्षांचा अरगॉन साठलेला आहे: दहा लाख अणूंमागे साधारण ३,९००. आता कागदावर हिशेब करून पाहा. ७५ हजार वर्षांच्या राखेतल्या पोटॅशियमपैकी शंभरात एकच भाग जुन्या खडकातून आलेला असला, तर घड्याळ ७ लाखांच्या पुढे वय दाखवील. शंभरात दोन भाग असले तर १४ लाख! बोरीच्या नमुन्यात नेमकं किती काय मिसळलं असेल ते या हिशेबातून कळत नाही. पण दोन टक्क्यांची भेसळ ७५ हजारांचे १४ लाख करू शकते, हे पाहून माझा तरी श्वास अडकला. आणि ती भेसळ नमुन्यात सारखी पसरलेली असेल तर? मग प्रत्येक मोजणीत तेच उत्तर येईल, लहानशा ‘अधिक-उणे’सकट.

मग खरं वय कळायचं कसं? त्याच ताजव्यावर पुन्हा तोलून नाही, दुसरीच वाट धरून. वेस्टगेटच्या गटाने दोन वाटा धरल्या. एक रसायनाची: बोरीसारख्या ठिकाणची काच, टोबाच्या मुखाजवळची काच आणि हिंद महासागराच्या तळातून काढलेल्या गाळातले टोबाच्या जुन्या उद्रेकांचे थर, यांची बारकाईने तुलना. दुसरी वाट युरेनियमच्या ओरखड्यांची. काचेतला युरेनियमचा एखादा अणू आपण होऊन दुभंगतो, त्याचे तुकडे उसळतात आणि काचेत बारीकशी रेघ ओढली जाते. काच आम्लात बुडवली की रेघा रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजता येतात. पश्चिम भारतातले दोन नमुने असे मोजले गेले. कोवळ्या काचेत अशा रेघा मोजक्याच असतात, त्यामुळे ही मोजणी तशी ढिली. पण ती काचेच्या एकेका कणावर होते, शेजारच्या कातळाच्या चुऱ्याला तिथे बोलायला वावच नाही. कमी काटेकोर पद्धत सत्याच्या जास्त जवळ जाऊ शकते, ती अशी! हत्यारांच्या घडणीवरून जुनंच वय धरणारे अभ्यासक आजही आहेत, पण मला पारडं ७५ हजारांकडे झुकलेलं दिसतं.

याहून मोठं नवल पुढे आहे. अरगॉनच्या सुधारित पद्धतीत नमुन्याशेजारी एक ‘माहीत वयाचा’ खडक ठेवतात आणि दोघांची तुलना करतात. जगभरच्या प्रयोगशाळा त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या ज्वालामुखीचे स्फटिक वापरतात. त्यांचं वय धरलं जात होतं २ कोटी ८० लाख २० हजार वर्षं. २००८ मध्ये ते वेगळ्या वाटेने तपासलं गेलं. मोरोक्कोतल्या समुद्री गाळाच्या थरांत पृथ्वीच्या कक्षेचं डुलणं-कलणं लयीत नोंदलं गेलं आहे आणि मधूनमधून ज्वालामुखीची राख आहे. म्हणजे घड्याळ ग्रहगतीशी जुळवून पाहता येतं! उत्तर आलं २ कोटी ८२ लाख १ हजार. पाऊण टक्काही फरक नाही, पण तो सगळ्यांच्याच ताजव्यात होता. प्रयोगशाळांची उत्तरं एकमेकींशी उत्तम जुळत होती, कारण पासंग सामाईक होता. डायनोसोरांचा अंत ६ कोटी ५५ लाखांवरून ६ कोटी ६० लाख वर्षांवर सरकला, तो मुख्यतः यामुळेच.

आणि हातकुऱ्हाडी? राख ७५ हजार वर्षांची असेल तर ती त्यांचं प्राचीनत्व सांगायला उपयोगी नाही, त्यांचा काळ दुसरीकडून शोधावा लागतो. डेक्कन कॉलेजातच शिकलेल्या शांती पप्पू यांनी तमिळनाडूत अत्तिरंपाक्कम इथे तो शोधला. २०११ मध्ये त्यांच्या गटाने वय जाहीर केलं: सुमारे १५ लाख वर्षं. त्यासाठी दोन घड्याळं लावली होती. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उघड्यावरच्या दगडात विशिष्ट अणू तयार होतात आणि दगड गाडला गेला की ते घटू लागतात, हे पहिलं. दुसरं गाळातल्या चुंबकीय कणांचं: ते गाळ साचला तेव्हाच्या ध्रुवांकडे तोंड करून बसलेले असतात, आणि तिथले कण ध्रुव उलटे होते त्या काळातले निघाले. ध्रुव शेवटचे पालटले ते पावणेआठ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे गाळ त्याहून जुना. दोन्ही घड्याळांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी त्यांच्या साक्षी जुळल्या. त्या १५ लाखांपुढचं ‘अधिक-उणे’ आहे ७० हजारांचं, बोरीच्या १९९५च्या आकड्याच्या दुपटीहून जास्त, आणि तरी त्यावर माझा कितीतरी जास्त विश्वास बसतो.