विद्युत्‌वाद्यांचा संसार – लेखांक ७ : जोडअ‍ॅम्पची तक्रार

एकाच गिटारचा नाद दोन अ‍ॅम्पमधून काढला, म्हणजे एकाचा स्वच्छ खणखणीत आणि दुसऱ्याचा भरड, तापलेला आवाज परस्परांत मिसळून स्वराला जी रुंदी लाभते ती एकटा अ‍ॅम्प कितीही चढवला तरी लाभत नाही. परंतु दुसरा अ‍ॅम्प जोडताच हमिंग आणि आवाजाचा पातळपणा या दोन आपत्ती बहुधा बरोबरीने उपस्थित होतात, आणि केवळ बरोबरीने येतात म्हणून त्यांचे मूळ एकच मानले जाते. वस्तुतः ती दोन निरनिराळी प्रकरणे असून त्यांची तहकिकातही निरनिराळी केली पाहिजे.

पश्चिम नागपुरातील एका सभागृहात, मे महिन्याच्या एका संध्याकाळी, मी हा प्रकार जवळून पाहिला. एक अ‍ॅम्प रंगमंचावरील बोर्डाला, दुसरा पाठीमागच्या भिंतीतील सॉकेटला लावलेला. वेगवेगळे वाजवता दोन्ही निर्दोष, आणि केबलने एकत्र येताच असा खर्ज घुमू लागला की गिटारची सर्वांत जाड तार त्यात बुडून गेली. एकटा अ‍ॅम्पच घुमत असता तर दोष त्याच्या पोटातल्या कपॅसिटरचा किंवा गिटारच्या पिकअपचा ठरला असता; येथे दोष जोडणीचा होता. प्रत्येक अ‍ॅम्पची धातूची चौकट आपल्या अर्थ पिनेने जमिनीला जोडलेली असते आणि केबलचे जाळीदार आवरण त्या दोन चौकटी आपसांत जोडते, त्यामुळे जेथे एक वाट पुरे तेथे दोन होऊन त्यांचे वेटोळे बनते. दोन अर्थिंगमधील विद्युत्‌दाबाचा किंचित फरक आणि आसपासचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यात ५० हर्ट्‌झचा प्रवाह खेळवतात, व तो नेमका स्वराच्या वाटेने अ‍ॅम्पमध्ये शिरतो. आपल्याकडची काळी माती वैशाखात कोरडी पडून भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरचेवर पाणी घालण्याचा जुना दस्तूर जेथे मोडला आहे तेथे हा फरक वाढण्यास विशेष वाव मिळतो.

त्या संध्याकाळी एका उत्साही तरुणाने अर्थ पिन काढून टाकण्याची तजवीज मांडली, आणि हमिंग त्याने खरोखरच थांबले असते; तरीही मी ती तजवीज साफ नाकारली. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टांहून अधिक दाब असू शकतो. अर्थिंग तोडल्यावर आत एखादी तार चौकटीला टेकली, तर तो दाब गिटारच्या तारांपर्यंत पोहोचतो आणि वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागताच त्याच्या देहातून वाट काढतो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग सदोष असलेल्या मायक्रोफोनला हात लावताच रंगमंचावर मृत्यू पावला. अर्थ पिनेला हात लावू नये, हे मी कितीही वेळा लिहीन.

खरा इलाज सोपा आहे. प्रथम दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घ्यावेत. तेवढ्याने न भागले तर एका अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, ज्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींस स्पर्श न करता केवळ चुंबकत्वाने स्वर पलीकडे पोहोचवतात. वेटोळे तुटते, अर्थिंग शाबूत राहते.

आता पातळपणा; त्याचे मूळ फेजमध्ये असते. आपले वायरमन ‘फेज’ म्हणतात ती विजेची जिवंत तार. येथे फेज म्हणजे तरंगाची कला. व्हॉल्व्हची नेहमीच्या जोडणीची प्रत्येक पायरी तरंग उलटा करते, म्हणून तीन पायऱ्यांचा अ‍ॅम्प आणि चार पायऱ्यांचा अ‍ॅम्प शेजारी ठेवले की एकाच्या स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो व खर्ज परस्परांत विरून जातो. दोन्ही सारख्या आवाजावर ठेवून जाड तार छेडावी, मग एकाच्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करून पुन्हा छेडावी. ज्या जोडणीत नाद भरदार तीच खरी. मात्र अदलाबदल अ‍ॅम्प बंद करूनच करावी, कारण स्पीकर तुटलेल्या अवस्थेत वाजवलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

आम्ही हे सर्व केले, खर्ज परतला, आणि तरीही चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर दबलेलाच राहिला. पाहतो तो एक अ‍ॅम्प दुसऱ्याच्या मीटरभर मागे होता. उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे १७५ हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी दोन मीटर आणि अर्धी लांबी बरोबर एक मीटर. तो स्वर नेमका १७५ हर्ट्‌झच्या आसपासचा. मागचा अ‍ॅम्प दोघांनी उचलून पहिल्याच्या रांगेत आणला.