पडद्यावरचा अँथनी, शेजारचा आंतोन

ख्रिस्ती माणूस म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम कोण उभे राहते? खरे उत्तर द्यायचे तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातले कोणीतरी येते. गळ्यात क्रूस, हातात बाटली, मोडकीतोडकी हिंदी आणि वाक्यागणिक ‘मॅन’. १९७३ च्या ‘बॉबी’तला मच्छीमार जॅक ब्रगांझा, १९७५ ची ‘जूली’, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी गोन्साल्विस. ही माणसे वाईट नाहीत. उलट प्रेक्षकांनी त्यांच्यावर जीव लावला. अँथनी तर येशूला आपला भागीदार मानतो आणि त्याच्याशी दोस्तासारखा बोलतो.

पण या गर्दीत वसईचा केळीबागायतदार आंतोन कुठे दिसत नाही. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) प्राथमिक शाळेची ख्रिस्ती शिक्षिका दिसत नाही. घरात मराठीत भांडणारी, मराठीत प्रार्थना करणारी, भाकरी-कालवण खाणारी ही माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकाहूनही किंचित कमी. एवढ्या थोड्या लोकांना सिनेमाने रंगवलेले चित्र पुसून काढणे सोपे नाही. आणि प्रश्न केवळ चित्राचा नाही. गाणी, मालिका, जाहिराती, मोबाइल यांच्या गजबजाटात राहून आपली श्रद्धा जगायची कशी, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे. थोड्या फरकाने तो कोणत्याही श्रद्धावान घरापुढचा प्रश्न आहे.

पडद्यामागचे ख्रिस्ती

गंमत अशी, की ज्या सिनेमाने ख्रिस्ती माणसाचे असे सोंग उभे केले, त्याच सिनेमाचे संगीत उभे करण्यात ख्रिस्ती माणसांचा मोठा हात होता. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या संगीतशाळांत मुले लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. ती पुढे पोटापाण्यासाठी मुंबईत आली, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली आणि मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला पोहोचली. संगीतकार चाल बांधी. ती चाल पन्नास वादकांच्या हाती देण्याजोगी कागदावर उतरवणे, कोणत्या जागी व्हायोलिन आणि कोणत्या जागी ट्रम्पेट हे ठरवणे, हे काम अनेकदा या मंडळींकडे असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संगीत-संयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा त्यांतलेच.

आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव पटकथाकाराच्या कल्पनेतून आलेले नव्हते. या नावाचे खरेखुरे गृहस्थ गोव्यातल्या माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारी मैफल केली. तीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. २०१२ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. पडद्यावरचा अँथनी साऱ्या देशाला माहीत होता. खऱ्याची ओळख फार थोड्यांना होती.

या वादकांनी सिनेमात धर्मप्रचार केला नाही. त्यांनी दुसऱ्यांची भजनेही वाजवली आणि कव्वाल्याही. श्रद्धा जगण्याची ही एक साधी रीत आहे. हातातले काम चोख करावे, आपल्याला मिळालेली विद्या सर्वांच्या आनंदासाठी वापरावी आणि त्यावर नावाची पाटी नसली तरी रुसू नये.

ओवी, अभंग आणि कीर्तन

लोकांना प्रिय असलेल्या कलेशी श्रद्धेने सोयरीक करावी की तिच्यापासून दूर राहावे, हा वाद मराठी ख्रिस्ती समाजाला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने पाहिले, की इथल्या लोकांच्या कानांना ओवीची सवय आहे. मग त्याने येशूची कथा ओवीतच सांगितली. १६१६ साली छापून निघालेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. पुराण हा शब्द आपला, छंद आपला, कथा बेथलेहेमची.

तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच केले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर इथल्या मंडळीत परदेशी चालींवर बेतलेली गीते मोठ्या प्रमाणात म्हटली जात. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तनाचा पुरस्कार केला. धर्म बदलला म्हणून टाळ-चिपळ्या टाकून द्याव्यात, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही रविवारी मराठी मंडळींत गायली जातात.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट अधिक अवघड होती. पतीने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. ते सुटले ते कुणाच्या आज्ञेने नव्हे; माणसामाणसांत देवाने भेद केला असेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच स्वतःला दिले तेव्हा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना धर्मांतराची चर्चा थोडी आणि स्वयंपाकघर, पाहुणे, पैशांची ओढाताण, नवऱ्याचा विसराळूपणा हेच जास्त भेटते. श्रद्धा जगायची असते ती याच जागी, हे त्या पुस्तकाइतके साधेपणाने क्वचितच कुणी सांगितले असेल. पंडिता रमाबाईंनीही आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, ती सामान्य, थोडे शिकलेल्या बायकांना ते वाचता यावे म्हणून.

कॅथलिकांच्या उपासनेत लोकभाषेला मोकळी वाट मिळाली ती १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. लॅटिनची जागा मराठी मिस्साने घेतली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच वाटेवरचे पुढचे पाऊल; त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला काहींनी विरोध केला. धर्मगुरू मराठी साहित्यिक कसा, असा तो सूर होता. चारशे वर्षांची ओवी त्यांच्या कानांवर बहुधा पडलीच नव्हती.

आजची कसोटी

पण विरोध करणाऱ्यांना बोल लावून भागणार नाही. जी मराठी प्रार्थना इतक्या कष्टाने मिळवली, ती आता घरातूनच निसटू लागली आहे. मुले इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना धर्मशिक्षण इंग्रजीत सोयीचे वाटते. आजी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते तेव्हा नातू शेजारी ओठ मिटून बसतो. त्याला देव नको आहे असे नाही. त्याला आजीचे शब्द परके झाले आहेत. भाषा गेली की प्रार्थना नाहीशी होत नाही, परंतु तिच्यातला घरचा ओलावा मात्र जातो.

दुसरी कसोटी नाताळची. एकेकाळी नाताळ हा ख्रिस्ती वस्तीपुरता सण होता. आता डिसेंबर लागताच मॉलमध्ये कृत्रिम बर्फ पडतो आणि बालवाडीतली सगळी मुले लाल टोप्या घालतात. सण सर्वांचा झाला, याचा आनंदच मानावा. मात्र या झगमगाटात सांताक्लॉज पुढे आला आणि गोठ्यात जन्मलेले बाळ मागे सरले. ज्याच्या आईबापांना रात्रीपुरती जागा मिळाली नाही, त्याचा वाढदिवस खरेदीचा मुहूर्त व्हावा, हे विसंगत आहे. वसईत तरुण मंडळी अजूनही रात्री जागून नाताळगोठे उभारतात. गवत, माती, बांबू हाताळताना त्या कथेतली गरिबी हाताला लागते. दुकानातून आणलेल्या तयार गोठ्यात ती लागत नाही.

तिसरी कसोटी वेळेची आहे. संध्याकाळी जपमाळ म्हणण्याची वेळ आणि मालिकेची वेळ एकच. रविवारी सकाळी मिस्सा, आणि नेमका त्याच वेळी शिकवणीचा तास किंवा क्रिकेटचा सामना. येथे उपदेश फार उपयोगी पडत नाही. ज्यांनी दूरदर्शन संच घरात येऊच दिला नाही, त्यांची मुले शेजाऱ्यांकडे जाऊन बघत. आणि ज्यांनी सगळेच येऊ दिले, त्यांच्या घरात एकमेकांशी बोलणेही उरले नाही. काही घरांनी मधला मार्ग काढला. प्रार्थना आटोपशीर केली, पण रोज केली. पंधरा मिनिटे सगळे मोबाइल एका टोपलीत ठेवले. मुंबईकराने हे पूर्वीच ओळखले होते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारी नोव्हेना चालते. कचेरीला जाता-येता लोक उतरतात, मेणबत्ती लावतात आणि पुढची गाडी पकडतात. त्यांत ख्रिस्ती असतात, तसे हिंदू आणि मुसलमानही. या शहराच्या वेळापत्रकात श्रद्धेने आपली जागा शोधून घेतली.

चर्चच्या दाराबाहेर

तरीही गाणे कोणते म्हटले आणि मालिका पाहिली की नाही, यावर श्रद्धेचे मोजमाप होत नाही. ते चर्चच्या दाराबाहेर होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, तेव्हा फादर दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या चळवळीत उतरले. विहिरी, बागा आणि शेते वाचवण्याच्या त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे होती. धर्मगुरूने पाण्यावर का बोलावे, असे तेव्हाही विचारले गेले. पण शेजाऱ्याची विहीर आटताना गप्प बसून शेजारधर्माचा पाठ कसा वाचणार? अर्थात याच पट्ट्यात चढा भाव मिळताच जमीन विकून मोकळे झालेलेही होते, आणि तेही रविवारी पहिल्या बाकावर बसत.

जातीचेही तसेच. एकाच देवाची लेकरे म्हणून शेजारी गुडघे टेकणारी माणसे सोयरीक जुळवताना हळूच मूळ जात विचारतात. लक्ष्मीबाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःला विचारलेला प्रश्न कित्येक ख्रिस्ती घरांत अजून विचारायचाच आहे. सिनेमाने आपले विकृत चित्र काढले म्हणून रागावण्याआधी हा आरसा पाहायला हवा.

लोकांची आवड आणि देवाची भक्ती यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही. स्टीफन्सने ओवी घेतली, टिळकांनी अभंग घेतला, गोव्याच्या वादकांनी सिनेमाचे गाणे घेतले. पण घेताना काय द्यायचे, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या आईबापांनीही मोबाइल, मालिका, लग्नातला डीजे यांना नुसता नकार देऊन चालणार नाही. आपल्याकडे देण्याजोगे काय आहे, ते आधी मुलांच्या हाती द्यायला हवे: आजीच्या तोंडची प्रार्थना, मातीचा गोठा, चोख काम, शेजाऱ्याचे पाणी. एवढे हाती असले की पोरे कोणत्याही तालावर नाचोत, पाय आपल्याच अंगणात राहतील.